दिसेनासं होईपर्यंत

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर, गरोदर बायकांच्या रांगेत, माझा अकरा वर्षांचा भाचा चोरासारखा बसला होता. समोर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी. “मामा, मला इथे का आणलंय?” प्रश्न माझाही तोच होता. हाडासाठी एक्स-रे काढतात, एवढंच मला ठाऊक.

लहानपणी तो हनुवटीवर आपटला, सांधा जखडला आणि खालचा जबडा वाढायचा राहिला. झोपेत श्वास अडकायचा. सांधा आधीच मोकळा केला होता. आता दोन्ही बाजूंचं हाड कापून स्क्रूची यंत्रं बसवली होती. पाच दिवस थांबायचं, मग रोज १ मिलिमीटर, अर्धा सकाळी, अर्धा रात्री. ताई स्क्रू फिरवायची आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी खूण करायची. १२ दिवस. हाड हळूहळू ताणलं की फटीत नवं हाड धरतं, ही युक्ती सैबेरियातल्या इलिझारोव्ह यांची, हातापायांसाठीची. मुलांच्या जबड्यावर ती वापरल्याचं न्यूयॉर्कच्या मॅकार्थी यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलं.

सोनोग्राफी करणाऱ्या मॅडमनी गार जेल लावून प्रोब जबड्याच्या कडेवर टेकवला. पडद्यावर एक लखलखीत पांढरी रेघ, तिच्याखाली मिट्ट काळोख. “हे जुनं हाड. आवाजाच्या लाटा इथूनच परत फिरतात.” प्रोब किंचित सरकला आणि रेघ तुटली. तुटलेल्या जागेतून खोलवरचं करडं धूसर दिसू लागलं. तीच फट. धातूवर प्रोब आला की खाली एकसारख्या रेघांची शिडी उमटायची; ती सोडून बघायचं, हेच कौशल्य.

तीन आठवड्यांनी त्या धूसरात पांढरे कण दिसले, भिजवलेल्या रव्यासारखे. ही तपासणी हवी तितक्या वेळा करता येते, किरणांची धास्ती नाही. पण आतली, जिभेकडची बाजू हिला दिसत नाही आणि जबडा नेमका कुठे सरकला तेही कळत नाही. म्हणून यंत्र काढण्याआधी एक्स-रे लागणारच होता.

दोन महिन्यांनी प्रोब बराच वेळ फिरला. “आता आतलं काहीच दिसत नाही,” मॅडम म्हणाल्या. ताईचा चेहरा उतरला.

भाचा गालावरचं जेल पुसत म्हणाला, “अगं आई, रेघ जुळली ना!”