मंडाळ्याची खाण

मानखुर्दच्या मंडाळ्यात भंगाराची गोदामं आहेत. तांब्या-सोन्याची खाण म्हणतात ती हीच. सोन्याच्या टनभर खनिजात जेमतेम काही ग्रॅम सोनं असतं. मोबाइलच्या टनभर सर्किट बोर्डांत शेकडो ग्रॅम. प्रश्न ते काढायचं कसं, हा. तांब्यासाठी वायर जाळली की पीव्हीसीच्या आवरणातून डायॉक्सिनसारखी विषं धुरात मिसळतात, आणि तो धूर आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. सोन्यासाठी वापरलेलं आम्ल गटारातून खाडीला मिळतं. वायर सोलायचं साधं यंत्र मात्र धुराशिवाय अख्खं तांबं देतं. बोर्ड नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यातच जायला हवेत. 1 एप्रिल 2023 पासूनचे ई-कचरा नियम हेच सांगतात. भंगारवाल्याला तिथे रास्त भाव मिळाला, तरच बोर्ड तिथवर पोचतील.