‘येतो’ म्हणण्याआधी आठवडा बघावा

मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला २७ फेब्रुवारी ही तारीख जड जाते. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. शाळा, कॉलेजं, बँका, वाचनालयं, सगळ्यांना त्या एकाच दिवशी कवी हवा असतो. त्याआधी जानेवारीत १४ ते २८ भाषा संवर्धनाचा पंधरवडा, त्याच्याही आधी डिसेंबरातली स्नेहसंमेलनं. वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत कवीची कुणाला आठवण होत नाही, तो भाग निराळा. फोन येतो, पलीकडचा आवाज म्हणतो, “सर, फक्त तासभर या.” आणि आपण भिंतीकडे बघत म्हणतो, “येतो.”

भिंतीकडे बघत, कारण तिथं कालनिर्णय असतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका आमच्याही घरात आहे. एकादशी, ईद, नाताळ एकाच पानावर, आणि मोकळ्या जागेत दुधाचे खाडे नि गॅसची तारीख. माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण भिंतीवरच्या त्या चौकोनात दिवस मावतो, तास मावत नाहीत. ‘पुणे, काव्यवाचन’ असं लिहिलं की वाटतं, चला, एक संध्याकाळ गेली. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. जाताना पाच तास, येताना पाच तास, वर सत्कार, चहा, फोटो. तासाभराच्या कवितेला बारा तास लागतात आणि चौकोनात लिहिलेले असतात दोनच शब्द.

टॅबलेटवरच्या कॅलेंडरचा खरा उपयोग इथं आहे. (आमच्या घरात ‘टॅबलेट कुठं आहे?’ असं विचारलं की कुणीतरी गोळ्यांचा डबा आणून देतं.) मोबाइलवरही हेच कॅलेंडर चालतं, पण तिथं आठवडा इतका दाटीनं दिसतो की अक्षरं लागत नाहीत. टॅबलेटच्या मोठ्या पडद्यावर सात दिवसांचे सात रकाने आणि प्रत्येकात सकाळपासून रात्रीपर्यंतचे तास दिसतात. काय भरलेलं आहे हे कळतंच, पण काय रिकामं आहे हेही कळतं. दोन नोंदींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीकडे बघायची सवय लागली की अर्धं काम झालं.

नवी नोंद केली की कॅलेंडर बहुधा तिला आपणहून एक तास देतं. तो तास खरा मानू नये. कार्यक्रम संपायची वेळ आपण भरावी आणि प्रवासाची जागाही धरावी. अ‍ॅपलच्या कॅलेंडरात प्रवासाच्या वेळेसाठी वेगळा रकाना आहे. इतरत्र तशी सोय नसेल तर जाण्याची आणि येण्याची अशा दोन वेगळ्या नोंदी कराव्यात. भाषणाची तयारी करायची असेल तर तीही एक नोंदच. मी पहाटे पाच ते सात या वेळेवर ‘लेखन’ असं लिहून ठेवलं आहे. कविता वेळ ठरवून येत नाही, माझ्या कितीतरी कविता एस.टी.त सुचल्या. पण मुद्रितं तपासायला टेबल लागतं आणि टेबलाशी बसायला सकाळ लागते.

आमच्या घरात मात्र वेळेचा प्रश्न हौसेचा नाही. पत्नीचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. यंत्रावर चार तास, जाणं-येणं वेगळं, आणि नंतरचा थकवा. मी, मुलगा आणि माझी मेहुणी, असे तिघं आळीपाळीनं सोबत जातो. पूर्वी ‘आज कोण जाणार?’ हा प्रश्न सकाळी चहाच्या वेळी निघायचा, तिच्यासमोरच. ज्या माणसासाठी तो प्रश्न आहे, त्या माणसाला तो रोज ऐकायला कसा वाटत असेल, याचा विचार करून बघा.

आता ‘घर’ नावाचं एक वेगळं कॅलेंडर आहे, हिरव्या रंगाचं, चौघांमध्ये सामाईक. प्रत्येक वेळेपुढे जाणाऱ्याचं नाव असतं. मेहुणीनं शुक्रवार बदलून घेतला तर तिघांच्या पडद्यावर तो बदलतो, आणि चौथ्याही. चौथा पडदा पत्नीचा. मंगळवारी संध्याकाळी मैत्रिणींकडे जायचं, ही नोंद तिनं स्वतः केली आहे आणि तिथं आम्हाला बोलावलेलं नाही.

सामाईक करताना कुणाला किती दिसावं हे ठरवता येतं. काहींना फक्त ‘वेळ गुंतलेली आहे’ एवढंच दिसतं, काहींना नोंद वाचता येते, आणि काहींना ती बदलता येते. घरच्यांना शेवटचा अधिकार द्यावा. कार्यक्रमाच्या संयोजकांना पहिला पुरतो, आपलं दुखणंखुपणं त्यांच्यापर्यंत जायचं कारण नाही. एकाकडे अ‍ॅपलचं आणि दुसऱ्याकडे गुगलचं कॅलेंडर असलं तरी निमंत्रणाची देवाणघेवाण अडत नाही. नोंदी कशा लिहायच्या याची सामाईक पद्धत १९९८ सालीच ठरलेली आहे.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गोंधळ होतो तो इथंच. ‘दर सोमवार, बुधवार, शुक्रवार’ असं एकदा सांगितलं की कॅलेंडर पुढचे सगळे दिवस भरून टाकतं. मग एखादा दिवस बदलला की ते विचारतं: फक्त ही नोंद बदलू, ही आणि पुढच्या बदलू, की सगळ्याच? २०२५ साली रमजान ईद आपल्याकडे ३१ मार्चला आली, सोमवारी. एका दिवसापुरता बदल असेल तर उत्तर ‘फक्त ही’. केंद्रानं आपली पाळी सकाळऐवजी कायमची दुपारी केली तर ‘ही आणि पुढच्या’. काही कॅलेंडरांत ‘सगळ्या’ म्हटलं की मागच्या नोंदीही बदलतात, आणि मागच्या महिन्यात किती वेळा डायलिसिस चुकलं हे डॉक्टरांनी विचारलं तर पडदा भलतंच सांगतो.

ईदचा विषय निघालाच आहे. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ साली ती आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ११ एप्रिलला होती. ‘दरवर्षी याच तारखेला’ असं सांगून ती कॅलेंडरात बसत नाही. हिजरी तारखा दाखवायची सोय अनेक कॅलेंडरांत असते, पण त्या गणितानं काढलेल्या असतात आणि आपल्याकडे निर्णय चंद्र दिसण्यावर होतो. मी दोन्ही दिवसांवर ‘बहुधा ईद’ असं लिहितो आणि त्या दोन्ही दिवशी बाहेरगावचा कार्यक्रम घेत नाही. चंद्र दिसला की एक पुसतो.

सूचनांचं प्रमाण सांभाळावं. प्रत्येक नोंदीला तीन-तीन घंटा लावल्या की त्या पाववाल्याच्या भोंग्यासारख्या होतात, कानावर पडतात पण ऐकू येत नाहीत. बाहेरगावासाठी आदल्या दिवशी एक आणि निघण्याआधी दोन तास एक, एवढं पुरतं. टॅबलेट घरी राहतो, तेव्हा मोबाइलवर तेच खातं उघडलेलं असावं. आणि इस्पितळाच्या तळमजल्यावर नेट नसेल तर तिथं केलेली नोंद आपल्याच यंत्रात राहते. बाहेर येऊन नेट मिळेपर्यंत ती घरच्यांना दिसत नाही. अशा वेळी सरळ फोन करावा.

आमच्या अम्मी टॅबलेटला हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी मी दर रविवारी रात्री आठवडा कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून देतो, तीन वार आणि तीन नावं. तो कागद त्या कालनिर्णयाच्याच खिळ्याला अडकवतात. मधे कुणाची पाळी बदलली तर त्यांना आधी जाऊन सांगावं लागतं, आणि कागदावर खाडाखोड करून दाखवावी लागते.