‘जाम झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

२१ डिसेंबर १९०९ची रात्र. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन आत आला आणि अनंत कान्हेरेंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल होतं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पाठवली होती, त्यांपैकीच हे एक. खटल्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. पिस्तुलाच्या आतल्या कारभाराविषयी मात्र क्वचितच.

रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस आपोआप समोर येतं. ब्राउनिंगसारख्या सेमी-ऑटोमॅटिकला ही मुभा नाही. तिथे झाडलेल्या गोळीच्या धक्क्यानेच स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते आणि परत येताना मॅगझीनमधलं नवं काडतूस नळीत ढकलते. एका कामाचा खोळंबा झाला की पुढची सगळी अडतात. आणि बिघाड कुठलाही असो, आपण म्हणतो, ‘जाम झालं’. हे म्हणजे डॉक्टरला नुसतं ‘बरं वाटत नाही’ सांगण्यासारखं.

आधी काय दिसतं ते सांगावं. चाप ओढला, नुसती ‘टक्’ झाली, तर नळी सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबायचं, कारण काडतूस उशिरा पेटू शकतं. मग बाहेर काढून त्याचं बूड पाहायचं. तिथे काडतूस पेटवणाऱ्या पिनेचा ठसा खोल असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. ठसा पुसट असेल तर पिन मळलेली किंवा तिची स्प्रिंग थकलेली. ठसाच नसेल तर पिन तुटली असेल, किंवा स्लाइड पुरती मिटलीच नसेल.

पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली तर तिला ‘स्टोव्हपाइप’ म्हणतात, चुलीच्या धुराड्यासारखी दिसते म्हणून. कारण दारू कमजोर असेल, पुंगळी फेकणारा भाग झिजला असेल, किंवा नेमबाजाचं मनगट सैल पडलं असेल. मनगट सैल असलं की धक्क्याचा जोर हातातच जिरतो आणि स्लाइड पुरती मागे जात नाही. हे कारण नवशिक्यांना मुळीच आवडत नाही! काडतूस नळीच्या तोंडाशी अडलं तर माझा पहिला संशय मॅगझीनवर. काडतूस धरून ठेवणारे त्याचे ओठ वाकलेले, किंवा स्प्रिंग थकलेली. मॅगझीनवर आकडे घालून ठेवावेत. बिघाड दर वेळी एकाच आकड्याला झाला तर चोर सापडला.

एका बिघाडात मात्र शहाणपण दाखवू नये. आवाज दबका आला, धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. तिथेच थांबायचं आणि शस्त्र जाणकाराच्या हाती द्यायचं.

बिघाड खेळातही होतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. हा प्रकार .२२च्या पिस्तुलाने खेळतात. या स्पर्धांत बिघाड झाला की नेमबाजाने नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि पंचांना बोलवायचं. बिघाड मान्य झाला तर नियमानुसार पुन्हा संधी मिळते. पण पंच येण्याआधी पिस्तूल उघडलं, तर बिघाड कितीही खरा असो, न झाडलेल्या गोळ्यांना शून्य गुण.