पेल्याचा कान

लोणच्याची बरणी ज्या दगडासारख्या कठीण मातीची, म्हणजे स्टोनवेअरची असते, त्याच मातीचा पेला चाकाशिवायही घडविता येतो. नवशिक्यांच्या वर्गात मळलेल्या मातीची सारख्या जाडीची पोळी लाटतात, तिची पट्टी नळीसारखी वळवून तळाच्या चकतीवर बसवितात आणि अंगावर वेलबुट्टी उठवितात. सर्वांचे लक्ष नक्षीकडे जाते. पेल्याची परीक्षा मात्र कानाच्या सांध्याशी होते.

वाळताना व भाजताना ही माती सुमारे १० ते १२ टक्के आकसते. पेला सुकत आलेला आणि कान ओला असेल, तर कान अधिक आकसून सांध्याला चीर पडते. यासाठी दोन्ही भाग चामड्याइतके घट्ट झाले असतानाच जोडावेत. जोडावयाच्या जागी ओरखडे काढून त्याच मातीची दाट राबडी लावावी, आणि पेला झाकून सावकाश वाळवावा. पुढे भट्टीत १२०० अंश सेल्सियसच्या वर माती दगडासारखी होते; पण राहिलेली चीर तेथे बुजत नाही, उलट रुंदावते. ऊन चहाने भरलेला पेला ज्या कानाने उचलावयाचा, त्याच्या वाळण्याला नवशिक्याने म्हणूनच पुरेसे दिवस द्यावेत.