मशीन घेण्याआधी नेमप्लेट वाचा: व्होल्ट, ॲम्पिअर आणि तुमचा खर्च



मशीन बघायला गेलात की तुम्ही किंमत विचारता, वॉरंटी विचारता, सबसिडीत बसतं का तेही विचारता. पण मशीनच्या मागे एक छोटी पट्टी लावलेली असते, तिच्याकडे फार कमी लोक बघतात. ती नेमप्लेट. तिच्यावरच्या दोन आकड्यांवरून विजेचा खर्च, लागणारी वायर आणि मशीन तुमच्या गावात नीट चालेल का, हे बरंचसं आधीच कळतं. गणित शाळेतलंच आहे, मोबाईलचा कॅलक्युलेटर काढा.

उदाहरणाला कांदा वाळवायचा इलेक्ट्रिक ड्रायर घेऊ. प्लेटवर लिहिलंय २३० व्होल्ट, १३ ॲम्पिअर. गुणाकार करा: २३० × १३ = २९९०. म्हणजे साधारण ३००० वॅट, अर्थात ३ किलोवॅट. ही पॉवर. एक किलोवॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट पडतं, म्हणजे हा ड्रायर आठ तासांत २४ युनिट खाणार. दर तुमच्या बिलावरून घ्या. इथे समजण्यापुरते १० रुपये धरू. झाले २४० रुपये. तेवढ्यात तीन किलो सुका कांदा निघत असेल, तर किलोमागे ८० रुपये नुसत्या विजेचे! कच्चा माल, मजुरी, पॅकिंग अजून बाकीच आहे. थर्मोस्टॅट मधे मधे कॉइल बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी येईल, पण विक्रीचा दर ठरवताना पूर्ण आकडाच धरावा असं माझं मत आहे.

आता वीजबिलावर ‘मंजूर भार’ बघा. तो २ किलोवॅट असेल, तर हे मशीन आणण्याआधी भार वाढवून घ्यावा लागेल. आणि घरातल्या ६ ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटवर हा ड्रायर लावायचा नाही. ६ × २३० म्हणजे १३८० वॅट, एवढीच त्याची ताकद. याला १६ ॲम्पिअरचं सॉकेटच लागतं.

आता भागाकार. व्होल्टला ॲम्पिअरने भागलं की रेझिस्टन्स, म्हणजे रोध मिळतो. २३० ÷ १३ = १७.७ ओहम. “सर, हा आकडा घेऊन मी काय करू?” असं तुम्ही म्हणाल. खरी गंमत इथेच आहे. कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो, पण तुमच्या गावातलं व्होल्टेज तसंच राहतं का? शेतीपंप सुरू झाले आणि व्होल्टेज १९० वर आलं असं समजा. १९० ÷ १७.७ = १०.७ ॲम्पिअर. पॉवर १९० × १०.७, म्हणजे जेमतेम २०३० वॅट. व्होल्टेज १७ टक्के पडलं, पण उष्णता ३२ टक्के कमी झाली, कारण व्होल्टबरोबर ॲम्पिअरही घटले. आठ तासांची बॅच बारा तासांवर जाते. विक्रेत्याने सांगितलेली ‘रोजची क्षमता’ पूर्ण २३० व्होल्टची असते, आणि तुम्ही ऑर्डर घेताना तारीख देता ती त्याच भरवशावर.

मोटरला मात्र हे गणित लावू नका. गिरणी, मसाला मशीन, मिक्सर यांच्यात व्होल्ट गुणिले ॲम्पिअर केलं, तरी त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. प्लेटवर २३० व्होल्ट, ७ ॲम्पिअर आणि पॉवर फॅक्टर ०.७ असेल, तर २३० × ७ × ०.७ = ११२७ वॅट. आणि एक एचपी म्हणजे ७४६ वॅट हे बरोबर आहे, पण ती मोटरने शाफ्टवर दिलेली ताकद. विजेतून ती त्याहून जास्त ओढते. शिवाय भरल्या लोडवर व्होल्टेज पडलं की मोटर कॉइलच्या उलट वागते, जास्त करंट घेते आणि तापते. मोटर जळण्याचं हे एक नेहमीचं कारण.

एक गोष्ट राहिली, वायर. तिलाही रोध असतो. समजा शेड मीटरपासून ४० मीटरवर आहे. जायची आणि यायची मिळून ८० मीटर तार झाली. तांब्याची १.५ स्क्वेअर एमएम वायर टाकली, तर तिचा रोध साधारण १ ओहम. एकूण रोध झाला १८.७, करंट १२.३ ॲम्पिअर. वायरमध्ये जाणारी पॉवर म्हणजे करंट गुणिले करंट गुणिले रोध: १२.३ × १२.३ × १, सुमारे १५० वॅट. महिन्याला २०० तास काम केलंत तर ३० युनिट वायर गरम करण्यात गेले. ४ स्क्वेअर एमएम टाकली तर रोध साधारण ०.४ ओहम, आणि नुकसान १३ युनिटांच्या आसपास. वायरचे जास्तीचे पैसे किती महिन्यांत वसूल होतात ते आता तुम्हीच काढा.

ढिल्या पिनचंही असंच. तिथे नुसता अर्धा ओहम रोध आला, तरी त्या एका बिंदूवर ८० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते, तिने शिसं वितळतं. म्हणून प्लग हाताला गरम लागला की मशीन बंद करून आधी वायरमनला बोलवा, ऑर्डर कितीही घाईची असली तरी.

मशीन बघायला जाल तेव्हा नेमप्लेटचा फोटो काढून आणा आणि ॲडव्हान्स देण्याआधी तो वायरमनला दाखवा. सोबत मीटरपासून शेडपर्यंतचं अंतर सांगा आणि संध्याकाळी मल्टिमीटरवर व्होल्टेज किती येतं तेही त्याच्याकडून मोजून घ्या.