आधी चेहरा, मग पाकीट

लालबागहून काळाचौकीकडे जाणाऱ्या गल्लीतल्या एका लहानशा खोलीत ही अंगणवाडी भरते. मदतनीसबाई केर काढून, सतरंजी अंथरून पोरं गोळा करायला निघतात. दोघा-तिघांना कडेवरच आणावं लागतं. सेविकाताई तोवर मोबाईल चार्जिंगला लावून बसलेल्या. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर हजेरी चढली नाही, तर समोर बसलेलं पोरही वरच्यांच्या लेखी गैरहजर.

आज वजनं घ्यायची होती. काटा पाहताच चार वर्षांच्या एका मुलीने भोकाड पसरलं. ताईंनी आधी बाहुलीचं वजन केलं. मग मुलीलाच बाहुली काट्यावर ठेवायला लावली. बाहुलीला एकटं वाटतंय म्हटल्यावर मुलगीही चढली. ताईंनी बाहुली हळूच काढून घेतली, आकडा वाचला. उंची, दंडघेर, सगळं आधी वहीत, नंतर मोबाईलमध्ये. भोकाड कसं थांबवलं याला ॲपमध्ये रकाना नाही.

इतक्यात एक आई धाकट्याचं पोषण आहाराचं पाकीट न्यायला आली. 2025पासून पाकीट देण्याआधी ॲपवर चेहरा जुळावा लागतो. खोलीत रेंज नाही म्हणून दोघी बाहेर नळापाशी उभ्या राहिल्या. चेहरा काही जुळेना. तेवढा वेळ सगळा वर्ग मदतनीसबाईंच्या अंगावर: एकाची चड्डी ओली, दोघांची खडूवरून मारामारी, त्यात बचत गटाकडून खिचडीचा डबा आलेला.

या कामाचे ऑक्टोबर 2024पासून सेविकेला महिना 13,000 रुपये मिळतात, मदतनिसाला 7,500. वर नोंदींवर ठरणारा प्रोत्साहन भत्ता, म्हणजे पुन्हा मोबाईल. ऑक्टोबर 2024आधी 10,000 आणि 5,500 होते. 4 डिसेंबर 2023ला सुरू झालेला राज्यव्यापी संप 52 दिवस चालला, तेव्हा कुठे गाडी हलली. केंद्राने सेविकेसाठी 2018 साली 4,500 ठरवले आणि तिथेच थांबलं. त्यातलाही 40 टक्के वाटा राज्याचा. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022मध्ये मान्य केला, तरी संपात तीही मागणी होतीच.

इथून जवळच, दादरच्या हिंदू कॉलनीत, ताराबाई मोडकांनी 1936 साली शिशुविहार काढलं. पुढे बोर्डी-कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. सरकारची बालविकास योजना 1975ची. अंगणवाडी तिने तिथूनच उचलली. पण ती चालवणारी बाई शिक्षिका आहे, हे पगाराच्या वेळी कुणाला आठवत नाही.

पोरं गेल्यावर मदतनीसबाई पातेलं घासत होत्या. इथून त्या दोन घरच्या पोळ्या करायला जातात. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये एक बाळ सांभाळायला इथल्यापेक्षा जास्त देतात, हे त्यांनीच सांगितलं. मग तिकडे का नाही जात?

"तिथलं बाळ शाळेत जायला लागलं की काम संपलं. इथे पासष्टीपर्यंत कुणी काढत नाही."

आणि त्यानंतर पेन्शन?

"तेच तर मागत बसलो होतो ना आझाद मैदानात," त्या म्हणाल्या आणि पातेलं पालथं घालून पोळ्यांना निघाल्या.