किताबू, विताबू आणि अनुमान

आता एक छोटं कोडं घेऊ. स्वाहिली भाषेत 'किसू' म्हणजे सुरी, 'विसू' म्हणजे सुऱ्या. 'किती' म्हणजे खुर्ची, 'विती' म्हणजे खुर्च्या. 'किताबू' म्हणजे पुस्तक, मग पुस्तकं? बरोबर, 'विताबू'. आपल्याला स्वाहिली येत नाही, तरी नियम सापडला. आणि गंमत बघा, 'किताब' हा मूळचा अरबी शब्द. त्यातला 'कि' हा प्रत्यय नव्हताच. स्वाहिली बोलणाऱ्यांनी तो आपल्या नियमात बसवून घेतला!

शाळकरी मुलांसाठी अशा कोड्यांची स्पर्धा मॉस्कोत १९६५ साली सुरू झाली. २००३ पासून आंतरराष्ट्रीय भाषाशास्त्र ऑलिम्पियाड भरतं. २०१६ साली ते आपल्या म्हैसूरला झालं. भारताचा संघ पाणिनी भाषाशास्त्र ऑलिम्पियाडमधून निवडला जातो. इथे पाठांतर चालत नाही. आधी पुरावा, मग अनुमान, मग अपवादाची तपासणी. आम्ही वर्गात डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचं अनुमान शिकवायचो. इथे मूल ते स्वतः करतं.

याचा उपयोग काय, असं पालक विचारतात. शाळेत भाषा म्हणजे शुद्ध आणि अशुद्ध. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला आपण चूक ठरवतो. पण तेच मूल 'लोनी', 'कोन' असंही म्हणतं. म्हणजे त्याच्या बोलीलाही नियम आहे. ज्याने स्वाहिलीतला नियम शोधला, तो आजीच्या बोलीतलाही शोधेल, आणि तिच्या बोलण्याला हसणार नाही.

घरी नववी-दहावीतलं कुणी असेल, तर हेच कोडं घाला. उत्तर मात्र लगेच सांगू नका.